विस्कॉन्सिनचा ‘लर्न टू हंट’ कार्यक्रम: घरच्या हंडीसाठी हरणाची शिकार शिकायची असेल तर

आधी निकाल सांगते. तुम्ही अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात राहत असाल, घरात मटण आवडीनं खाल्लं जात असेल आणि ताटातलं जनावर कुठून आलं, कसं मेलं हे स्वतः पाहायची तयारी असेल, तर राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाचा, म्हणजे डीएनआरचा, ‘लर्न टू हंट’ कार्यक्रम जरूर करा. भिंतीवर शिंगं टांगायला शिकार शिकायची असेल, तर त्यासाठी दुसऱ्या जागा आहेत. इथं सगळा रोख मांसावर असतो, आणि मला तेच हवं होतं.

मी मूळची गडहिंग्लजची, आता मॅडिसनजवळ राहते. घरात दोन मुलं, नवरा आणि मी. आमच्याकडे रविवारी मटण झालं नाही तर आठवडा पुरा झाल्यासारखा वाटत नाही. इथल्या देशी दुकानात बोकडाचं मांस मिळतं, पण बहुतेक वेळा परदेशातून आलेलं, गोठवून करवतीनं कापलेलं, आणि हाडाचे बारीक चुरे प्रत्येक घासात. दुसरीकडे आमच्या घराच्या मागच्या ओढ्यात हरणं कळपानं उतरतात, बागेतले ट्यूलिप खातात आणि रात्री हायवेवर गाड्यांखाली येतात. राज्यात व्हाइट-टेल, म्हणजे पांढऱ्या शेपटीच्या, हरणांची संख्या पंधरा लाखांच्या वर आहे. दक्षिणेत त्यांना खाणारे लांडगे जवळपास उरलेले नाहीत. मका, अल्फाल्फा (म्हणजे लसूणघास) आणि ओकची फळं भरपूर. दरवर्षी थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी नऊ दिवसांचा बंदुकीचा हंगाम सुरू होतो, आणि डीएनआर आपली आखणी त्यावर बेतूनच करतं. मादीचे परवाने कुठल्या काउंटीत किती द्यायचे हे त्या भागातली संख्या पाहून ठरतं.

आईला फोनवर सांगितलं तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, “अगं, तिथं चालतं का ते? पकडतील बिकडतील.” तिचं बरोबरच होतं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हरणाला हात लावणं हा गुन्हा आहे, आणि असायलाच हवा. आपल्या चितळ-सांबरांची गत इथल्या हरणांसारखी नाही. तिला मी समजावलं की इथं परवाना लागतो, हंगाम ठरलेला असतो, मारलेल्या जनावराची दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत सरकारकडे नोंद करावी लागते. बंदूक-गोळ्यांवर जो केंद्रीय कर आहे, त्याचा पैसा १९३७ च्या कायद्यानं वन्यजीव संवर्धनाला जातो. तिचा पुढचा प्रश्न: “मग कलेजी कशी असते?”

कार्यक्रमाची घडण अशी. डीएनआर चौकट ठरवून देतं आणि शिकवण्याचं काम स्थानिक संवर्धन क्लब, स्वयंसेवक करतात. आधी वर्गात आणि मैदानावर शिकवणी, मग प्रत्येक शिकाऱ्यामागे एक अनुभवी मार्गदर्शक घेऊन खरी शिकार. एरवी १ जानेवारी १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्याला परवान्यासाठी हंटर एज्युकेशनचं, म्हणजे शिकारीच्या शिक्षणाचं, प्रमाणपत्र लागतं. या कार्यक्रमातल्या शिकारीसाठी ते लागत नाही, परवानाही काढावा लागत नाही. आमच्या क्लबनं जेवणखाणापुरती किरकोळ रक्कम घेतली. बंदूक त्यांचीच.

इथं आपल्या लोकांसाठी एक महत्त्वाची गोष्ट, जी वर्गात कुणी सांगत नाही कारण त्यांना ती माहीत असण्याचं कारणच नाही. एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल, तर केंद्रीय कायद्यानं तुम्हाला बंदूक किंवा गोळी बाळगायला मनाई आहे. त्यातला एक मोठा अपवाद म्हणजे अमेरिकेतल्या राज्याचा वैध शिकार परवाना. त्यामुळे कार्यक्रमाला परवाना लागत नसला, तरी तुम्ही तो आधी काढा आणि खिशात ठेवूनच बंदुकीला हात लावा. शंका असेल तर वकिलाला विचारा. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही.

शिकवणीची सुरुवात सुरक्षिततेच्या चार नियमांनी होते, त्यांना ते टॅब-के म्हणतात. प्रत्येक बंदूक भरलेली आहे असंच समजायचं. नळी नेहमी सुरक्षित दिशेला. लक्ष्य काय आहे आणि त्याच्या पलीकडे काय आहे, दोन्हीची खात्री. गोळी झाडायची वेळ येईपर्यंत बोट चापाच्या बाहेर. हे चार नियम ते इतक्या वेळा म्हणवून घेतात की घरी भाजी चिरतानासुद्धा सुरीचं टोक कुणाकडे आहे हे मी बघायला लागले. भगव्या रंगाचा आग्रहही तसाच: कमरेवरच्या बाहेरच्या कपड्यांचा निम्मा भाग तरी झळझळीत भगवा किंवा गुलाबी हवा, टोपी घातली तर तीही. हरणाला तो रंग आपल्यासारखा दिसत नाही, माणसाला मात्र अर्ध्या मैलावरून दिसतो.

गोळीवरची चर्चा मला सगळ्यात मोलाची वाटली. शिशाची गोळी हाडावर आपटली की तिचे बारीक कण जखमेपासून बरेच लांब मांसात पसरतात, डोळ्याला दिसतही नाहीत. २००८ साली मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटात गरिबांसाठी दान केलेलं हरणाचं मांस एक्स-रेमध्ये शिसं दिसल्यामुळे परत घ्यावं लागलं होतं. आमच्या शिक्षकांनी तांब्याच्या गोळ्याच दिल्या. त्या महाग आहेत, पण घरात लहान मुलं असताना हा खर्च टाळू नका.

माझे मार्गदर्शक सत्तरी ओलांडलेले, निवृत्त दूध-शेतकरी. बोलणं मोजकं. नैर्ऋत्येच्या डोंगराळ भागात, अल्फाल्फाच्या शेताच्या कडेला त्यांनी कापडी आडोसा लावला होता, त्याला ब्लाइंड म्हणतात. पहिल्या संध्याकाळी चार माद्या शेतात आल्या. एक अगदी आडवी उभी, टप्प्यात. मी बंदूक टेकवली होती. त्यांनी फक्त मान हलवली. तिच्यामागे दुसरी उभी होती, गोळी आरपार गेली असती तर दोघींना लागली असती. अंधार पडेपर्यंत त्या चरत राहिल्या आणि आम्ही बघत राहिलो. परत येताना गाडीत ते म्हणाले, आज तू शिकारी झालीस. या कार्यक्रमाची किंमत मला त्या एका मान हलवण्यात कळली. व्हिडिओ बघून एकटी गेले असते तर ही सवय अंगात कुठून भिनली असती?

नंतरच्या खेपेला एक मोठी मादी एकटी आली. खांद्याच्या किंचित मागे, काळीज-फुप्फुसाच्या जागी नेम. आवाज झाला, तिनं मागचे पाय झाडले आणि ती ओकच्या झाडीत शिरली. लगेच मागं धावायचं नसतं; जखमी जनावर ढकललं तर लांब जातं. अर्धा तास आम्ही तिथंच बसलो. ते घड्याळाकडे बघत होते, माझे हात थरथरत होते. मग वाळक्या पानांवर रक्त सापडलं. फिकं, गुलाबी, बुडबुडे असलेलं. त्यांनी ते दाखवून सांगितलं, हे फुप्फुसाचं, ती फार लांब नसेल. ती तशीच होती, एका पडलेल्या ओंडक्याजवळ. त्यांनी टोपी काढली. मी तिच्या मानेवर हात ठेवला. अंग अजून गरम होतं. मला रडू आलं आणि ते मी आवरलं नाही.

त्यानंतरचा तास हा या कार्यक्रमाचा गाभा आहे असं माझं ठाम मत आहे. पोट साफ करणं, म्हणजे फील्ड ड्रेसिंग, त्यांनी माझ्या हातून करून घेतलं. सुरीची धार वर ठेवून, दोन बोटांनी आतडी खाली दाबत कातडी उघडायची. कोथळ्याला आणि मूत्राशयाला टोक लागू द्यायचं नाही, नाहीतर मांस नासतं. छाती-पोटामधला पडदा कापायचा, आत हात घालून श्वासनलिका वरच्या बाजूला तोडायची, मग सगळं एका ओढीत बाहेर येतं. बरगड्या फाकवून हवा खेळू द्यायची. लोक ज्याला जंगली वास म्हणतात, तो बराचसा या तासातल्या हयगयीचा असतो. जनावर लवकर थंड झालं नाही की मांस बिघडायला लागतं. मी लहानपणी खाटकाच्या दुकानाबाहेर पिशवी घेऊन उभी राहायचे, आत काय चाललंय ते बघायचं टाळायचे. आता मला माहीत आहे.

मग क्लबच्या शेडमध्ये कटाईचा वर्ग. कातडं गरम असताना स्वेटर उतरवल्यासारखं निघतं. पुढचा खांदा हाडाच्या सांध्यानं जोडलेला नसतोच, सुरी फिरवली की सुटतो. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी बॅकस्ट्रॅपच्या लांब पट्ट्या, आतून छोटी टेंडरलॉइन, मागच्या मांडीचे स्नायू पापुद्र्यावरून एकेक वेगळे. पोट काढल्यावर मादी शंभर पौंडांच्या आसपास भरली, तर त्यातून बिनहाडाचं मांस चाळीसेक पौंड, म्हणजे अठरा किलोच्या आसपास निघतं. फ्रीझरचा विचार आधी करा.

बिनहाडाचं का? कारण सीडब्ल्यूडी, हरणांच्या मेंदूचा रोग. विस्कॉन्सिनमध्ये तो २००२ साली माउंट होरेबच्या परिसरात पहिल्यांदा सापडला, आणि आम्ही शिकार केली तो भाग त्याच्या ऐन पट्ट्यात येतो. तो प्रायॉन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनामुळे होतो, आणि प्रायॉन शिजवून मरत नाही. माणसाला झाल्याची एकही सिद्ध नोंद नाही, तरी सीडीसीचा, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय रोगनियंत्रण संस्थेचा, सल्ला स्पष्ट आहे: अशा भागातलं हरीण तपासून घ्या, रोग निघाला तर खाऊ नका. डीएनआरची तपासणी फुकट आहे. मानेचा थोडा भाग ठेवून डोकं कापायचं आणि ठरलेल्या पेटीत चिठ्ठी लावून ठेवायचं. घशातल्या लसिका ग्रंथी तपासतात. निकाल येईपर्यंत सगळं मांस फ्रीझरमध्ये, कलेजीसुद्धा. मेंदू, कणा, प्लीहा, डोळे यांना हात लावायचा नाही. नळी चोखणाऱ्या कोल्हापूरकरांना हे जड जाईल, मलाही गेलं, पण इथं तडजोड नको. आमचा निकाल स्वच्छ आला तेव्हाच पहिलं पाकीट उघडलं.

एक तक्रार आहे, ती कार्यक्रमाबद्दल नाही. नोव्हेंबरच्या हंगामात स्वतःच्या परवान्यावर मारलेलं हरीण मी वेळ नव्हता म्हणून एका कटाईच्या दुकानात दिलं. खिम्याची पाकिटं हातात आली तेव्हा कळलं की ते सगळ्यांचं छाटण एकत्र दळतात. म्हणजे माझ्या पाकिटात कुणाचं हरीण, तपासलेलं की न तपासलेलं, कुठल्या गोळीचं, काहीच सांगता येईना. तो खिमा मी मुलांना दिला नाही. दुकान निवडताना तीन गोष्टी आधी विचारा: माझंच मांस मला मिळेल का, पाकिटावर माझा नोंदणी क्रमांक असेल का, आणि तपासणीचा निकाल येईपर्यंत ते वेगळं ठेवाल का. उत्तर गुळमुळीत आलं तर कटाई घरी करा. वर्गात शिकलेलं तेवढ्याला पुरतं.

कार्यक्रमातलं स्वयंपाकाचं सत्र चांगलं आहे, पण ते तव्यावरच्या स्टेकचं आहे. आपल्या हंडीचं मी घरी बसवलं ते असं. हरणाची चरबी गार झाली की टाळूला मेणासारखी बसते, म्हणून ती आणि पांढरा पापुद्रा आधी पूर्ण काढायचा. मग मांसाला स्निग्धता बाहेरून द्यावी लागते, आणि इथं आपलं सुकं खोबरं, तीळ, खसखस कामाला येतं. खांद्याचे तुकडे दही, आलं-लसूण, हळद लावून रात्रभर, दुसऱ्या दिवशी कांदा-लसूण मसाल्यात मंद आचेवर. तांबडा रस्सा उत्तम होतो. पोटरीचं मांस चिवट दिसतं, पण दोन-तीन तास उकळलं की त्याचं अळणी पाणी बोकडाच्या तोडीस तोड. मांडीचं मांस कुकरमध्ये टाकू नका, सुतासारखं कोरडं होतं. पातळ काप करून मोठ्या आचेवर झटपट सुकं करा. बॅकस्ट्रॅपला मीठ, मिरपूड, तूप, बस्स. माझा धाकटा, जो देशी दुकानातल्या मटणातली हाडं निवडत बसायचा, तो आता “हरणाचं आहे का?” विचारून दुसऱ्यांदा वाढून घेतो.

जागा थोड्या असतात, कारण प्रत्येकामागे एक मार्गदर्शक हवा. डीएनआरच्या संकेतस्थळावर यादी लागते. उन्हाळ्यापासून लक्ष ठेवा आणि अर्जात ‘मांसासाठी शिकायचं आहे’ असं स्पष्ट लिहा. मिनेसोटातही अशा शिकवण्या होतात. सोबत न्यायला लोकरीचे मोजे, धारदार लहान सुरी, रबरी हातमोजे आणि बर्फाची मोठी पेटी. परफ्यूम आणि सुवासिक तेल त्या आठवड्यात बंद. आणि नवऱ्याला किंवा बायकोला कटाईच्या दिवशी बरोबर न्या. आमच्याकडे सुरी त्यानंच माझ्यापेक्षा चांगली चालवली, आणि पाकिटांवर मराठीत ‘रस्सा’, ‘सुकं’, ‘खिमा’ लिहिण्याचं कामही त्याच्याकडेच आहे.