‘वीक’साठी ‘अशक्त’ की ‘कच्चा’?

सोलापुरात इंग्रजी ‘वीक’ (weak) दिवसभर कानावर पडतो. तापातून उठलेला माणूस वीक, गणितात पोरगं वीक, चादरीच्या मागावर सारखं तुटणारं सूतही वीक. मराठीत मात्र एका शब्दात भागत नाही.

‘अशक्त’ देहापुरता ठीक. आजारपणानंतर ज्वारीची पेज पिणारा अशक्तच. पण गणितात कुणी अशक्त नसतो. तिथे ‘कच्चा’ हवा. कच्च्याला उद्या पक्कं होता येतं, म्हणून मला तोच जास्त आवडतो. सूतही कच्चंच. फक्त देहाला तो लावू नका. ‘आजोबा कच्चे आहेत’ म्हटलं की घोटाळा!

रसायनशास्त्रात दोन्ही शब्द थकतात. व्हिनेगरमधलं ॲसिटिक आम्ल वीक, कारण पाण्यात त्याचे थोडेच रेणू विलग होऊन आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, बनतात. १ मोलर द्रावणात (लिटरमागे सुमारे ६० ग्रॅम आम्ल) जेमतेम ०.४ टक्के. पाठ्यपुस्तकात त्याला ‘सौम्य’ म्हणतात. पण सौम्य म्हणजे भरपूर पाणी घातलेलं नव्हे, ते ‘विरल’. शुद्ध ॲसिटिक आम्ल हातावर सांडलं तर कातडी भाजते.

आणि इंग्रजी व्याकरणातली वीक क्रियापदं? ‘वॉक’चं ‘वॉक्ड’, तशी प्रत्यय लावून भूतकाळात जाणारी. त्यांना अशक्त म्हणायला जीभ वळत नाही, आणि कच्चं तर नाहीच नाही.