मोंढ्यातल्या काउंटरवर ईआरपीनेक्स्टच्या स्क्रिप्ट: आठ महिन्यांचा अनुभव

जालन्याचा मोंढा, कृषी सेवा केंद्र, तीन काउंटर, बिलिंग आणि हिशोबाचं सॉफ्टवेअर ईआरपीनेक्स्ट, 15वी आवृत्ती. मृगाच्या गर्दीपासून हरभऱ्याच्या फवारणीपर्यंत वापर झाला. बियाण्यांना कर नाही, खतांना 5 टक्के, रासायनिक कीटकनाशकांना 18 टक्के. एकाच बिलात तिन्ही असले तरी हिशोब चोख येतो. बिलिंगबद्दल तक्रार नाही. खरी काळजी घ्यावी लागते ती स्वतःच्या स्क्रिप्ट, म्हणजे सॉफ्टवेअरला आपले नियम सांगणारे छोटे कोड, घातल्यावर, कारण स्क्रिप्ट बदलता येणारा माणूस दर, सूट आणि बिल तिन्ही बदलू शकतो.

आधी पीओएस प्रोफाइल, म्हणजे काउंटरवरच्या विक्रीची सेटिंग, उघडा. ग्राहकासमोर दर बदलण्याची आणि सूट देण्याची मुभा, या दोन्हींच्या खुणा तिथेच काढून टाकता येतात. निम्म्या स्क्रिप्टची गरज इथेच संपते.

उरलेल्यासाठी दोन जाती आहेत. क्लायंट स्क्रिप्ट ब्राउझरमध्ये चालते. ती सोयीसाठी ठीक, पण राखण म्हणून कुचकामी: एफ12 दाबून ब्राउझरची अवजारं उघडली किंवा एपीआयमधून, म्हणजे स्क्रीन न वापरता दुसऱ्या प्रोग्रॅममधून, बिल टाकलं की ती वाटेत येतच नाही. पैशाचा नियम सर्व्हरवर चालणाऱ्या सर्व्हर स्क्रिप्टमध्येच हवा. 15व्या आवृत्तीत सर्व्हर स्क्रिप्ट मुळात बंद असतात. बेंच म्हणजे सर्व्हरवरची मांडणी, जिच्यावर अनेक दुकानांच्या साइट चालू शकतात; तिच्या सामायिक कॉन्फिगमध्ये त्या चालू कराव्या लागतात, आणि मग त्या बेंचवरच्या सगळ्या साइटना लागू होतात. म्हणून दुसऱ्यांच्या साइट असलेल्या बेंचवर हा उद्योग करू नये.

नियम कोणत्या दस्तऐवजावर लावायचा, इथे बहुतेकांचा पाय घसरतो. काउंटरवर प्रत्येक ग्राहकाचं पीओएस इनव्हॉइस बनतं. सेल्स इनव्हॉइस रात्री क्लोजिंगच्या, म्हणजे दिवसाचा हिशोब बंद करण्याच्या, वेळी ती बिलं एकत्र करून बनतं. सूट तपासणारी स्क्रिप्ट सेल्स इनव्हॉइसवर लावली, तर दिवसभर सगळं बिनबोभाट जातं आणि रात्री गल्ला मोजताना क्लोजिंग एंट्री ‘फेल्ड’ दाखवते. तोवर माल आणि पैसा दोन्ही गेलेले असतात. स्क्रिप्ट पीओएस इनव्हॉइसवर, ‘बिफोर सबमिट’ला, म्हणजे बिल पक्कं होण्याआधी, लावा. ओळीवरची सूट आणि बिलाखालची जादा सूट ही दोन वेगळी फील्ड आहेत, दोन्ही तपासा.

युरियाचं उदाहरण घ्या. 45 किलोच्या गोणीचा दर करासह 266.50 रुपये. स्क्रिप्टने फक्त ‘रेट 266.50 पेक्षा जास्त नको’ एवढंच पाहिलं आणि किंमत यादी करविरहित असली, तर 266.50 वर 5 टक्के चढून गोणी जवळपास 280 ला जाते, आणि स्क्रिप्ट गप्प बसते. करविरहित यादीत मर्यादा 253.81 ठेवा. यादी करासह असेल तर ‘रेट’च तपासा, तिथे ‘नेट रेट’, म्हणजे कर वगळलेला दर, घेतलात तर तुलनाच चुकते.

अधिकारांची गोष्ट आणखी नाजूक. सर्व्हर स्क्रिप्ट लिहायला ‘स्क्रिप्ट मॅनेजर’ रोल, म्हणजे तेवढा अधिकार, लागतो. तो एकाच माणसाला द्या. पण सिस्टिम मॅनेजर, म्हणजे सगळी व्यवस्था सांभाळणारा वापरकर्ता, स्वतःलाही तो रोल देऊ शकतो, म्हणून सिस्टिम मॅनेजरही मोजकेच ठेवा. काउंटरच्या पोरांना स्वतंत्र लॉगिन द्या; ‘दुकान’ नावाचं एकच सामायिक खातं असलं की बिल कुणी रद्द केलं ते कळत नाही.

एपीआय प्रकारच्या स्क्रिप्टमध्ये ‘अलाउ गेस्ट’वर (लॉगिनशिवाय प्रवेश) खूण नको. त्यातच आणखी एक खोच आहे: नोंदी वाचायच्या दोन आज्ञांपैकी गेट-ऑल परवानग्या तपासत नाही, गेट-लिस्ट तपासतं. उधारीची यादी देणाऱ्या स्क्रिप्टमध्ये गेट-ऑल वापरलं, तर लॉगिन असलेल्या कुणालाही गावोगावच्या शेतकऱ्यांची बाकी दिसते. एसएमएस सेवेची गुप्त चावीही (की) स्क्रिप्टमध्ये लिहू नका. पासवर्ड प्रकारच्या फील्डमध्ये ठेवा.

बदल कधीही चालू दुकानात करू नये. बॅकअप घ्या, तो दुसऱ्या चाचणी साइटवर चढवा, तिथे साधं बिल, सूट दिलेलं बिल, परतीचं बिल आणि शेवटी क्लोजिंग एंट्री एवढं सगळं करून पाहा. क्लोजिंग टाळलं तर वरचीच चूक पुन्हा होणार. परतीच्या बिलात नग उणे येतात, तेही विसरायचं नाही. मग रात्री क्लोजिंग झाल्यावर खऱ्या साइटवर चढवा. सकाळी अडलंच तर स्क्रिप्टवरच्या ‘डिसेबल्ड’वर खूण करा, रांग पुढे सरकते, खोडत बसू नका. प्रत्येक स्क्रिप्टची प्रत गिटमध्ये, म्हणजे कोडचे जुने-नवे बदल जपणाऱ्या साधनात, ठेवा, वर तारीख आणि बदलाचं कारण एका ओळीत.