खालच्या दाढेची भूल: लिग्नोकेन, आर्टिकेन की ब्युपिव्हाकेन?

खालच्या दाढेसाठी औषध कोणतं, हा प्रश्न दुसरा. ते सोडायचं कुठे, हा पहिला. दाढांपाशी जबड्याचं बाहेरचं हाड इतकं जाड असतं की नुसतं हिरडीत टोचलेलं लिग्नोकेन मुळांच्या टोकापर्यंत पोहोचत नाही. म्हणून ब्लॉक, म्हणजे नस जबड्याच्या हाडात शिरते तिथेच तिला बधिर करणं. २७ गेजची (गेज म्हणजे जाडीचं माप) लांब सुई २० ते २५ मिमी आत, हाड लागलं की किंचित मागे, पिस्टन ओढून रक्त येत नाही ना ते बघायचं आणि दीड मिली औषध सावकाश, मिनिटभर घेऊन सोडायचं. हाड फार लवकर लागलं तर टोक पुढे राहिलंय. लागलंच नाही तर ते फार मागे गेलंय; तिथे औषध सोडलं तर चेहऱ्याची नस बधिर होऊन काही तास डोळा मिटत नाही. अशा चुकीला कोणतंही औषध वाचवत नाही.

ब्लॉकसाठी आमची पसंती अजूनही लिग्नोकेन २ टक्के, सोबत रक्तवाहिन्या आकसवून भूल टिकवणारं अ‍ॅड्रेनालिन १:८०,००० (८०,००० मिलीत १ ग्रॅम). दाताची नस तासभर तरी शांत राहते, ओठ तीन ते पाच तास जड. ३० मिलीच्या वायलमधून (बाटलीतून) घेतलं तर स्वस्तही पडतं. मात्र रबरी बुचातून ओढताना सुई बोथट होते, टोचण्याआधी ती बदला. द्रावण पिवळट-तपकिरी दिसलं तर अ‍ॅड्रेनालिन खराब झालंय, फेकून द्या. हृदयरोग्याला एका बैठकीत ४० मायक्रोग्रॅमच्या वर अ‍ॅड्रेनालिन नको, म्हणजे या द्रावणाचे ३.२ मिली. १:२,००,००० घेतलं तर हात बराच मोकळा राहतो.

आर्टिकेन ४ टक्के महाग आहे, आणि ब्लॉकमध्ये त्या पैशाचा फारसा मोबदला मिळत नाही. उलट ४ टक्क्यांच्या ब्लॉकनंतर जीभ दीर्घकाळ बधिर राहिल्याच्या तक्रारी नोंदलेल्या आहेत. कारणाबद्दल वाद आहे, पण धोका कशाला घ्या? त्याची खरी जागा गालाच्या बाजूला, पहिल्या दाढेशेजारी हिरडीत. रेणूतल्या थायोफीन रिंगमुळे (गंधक असलेल्या कड्यामुळे) ते चरबीत चांगलं विरघळतं, जाड हाडातूनही लिग्नोकेनपेक्षा बरंच जास्त झिरपतं. प्रौढांसाठी कमाल ७ मिग्रॅ प्रति किलो. १.८ मिलीच्या कार्ट्रिजमध्ये (औषध भरलेल्या तयार नळीत) ७२ मिग्रॅ असतं, त्यामुळे ५० किलोच्या माणसाला पाच कार्ट्रिजही बसत नाहीत. चार वर्षांखालच्या मुलांना देत नाहीत.

ठणकणाऱ्या दाढेत दोघांची कसोटी लागते. ओठ जड झाला म्हणजे दाढ बधिर झाली असं नव्हे. दहा-पंधरा मिनिटं थांबा, थंड स्प्रे लावून बघा. कळ आली तर गालाच्या बाजूने आर्टिकेन १.८ मिली. तरीही नाही तर दाढ आणि हिरडीच्या फटीतून, प्रत्येक मुळाशी ०.२ मिली, दाबताना विरोध जाणवला पाहिजे, औषध सहज गेलं तर ते बाहेर वाहतंय. ‘सुजेच्या आम्लामुळे औषध चढत नाही’ हे नेहमीचं उत्तर ब्लॉकला अपुरं पडतं, कारण ब्लॉक सुजेपासून लांब दिलेला असतो. नसच हुळहुळी झालेली असते.

ब्युपिव्हाकेन ०.५ टक्के फक्त अक्कलदाढेच्या शस्त्रक्रियेला. चढायला वेळ घेतं, पण घरी गेल्यावरचा पहिला ठणका तेच सांभाळतं. लहान मुलांना मात्र नकोच: ओठ तासन्‌तास बधिर राहतो आणि ती तो चावून जखम करून घेतात.