आत्याबाईंसाठी घेतलेले श्राव्य पवित्र शास्त्र : दीड वर्षाच्या वापरानंतर

दीड वर्षापूर्वी, नाताळाच्या आठवड्यात, आम्ही माझ्या सासूबाईंसाठी सौरऊर्जेवर चालणारे, तळहातावर मावेल एवढे एक श्राव्य पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल वाचून ऐकवणारे यंत्र, घेतले. त्यात मराठी नवा करार आणि स्तोत्रसंहिता ध्वनिमुद्रित केलेली आहे. आमच्या मंडळीतील (चर्चमधील) एकजण नागपूरहून येताना ते घेऊन आले आणि आम्हाला ते १,४५० रुपयांना पडले. वाशिम जिल्ह्यातील ज्या गावात आम्ही राहतो तेथे अशी वस्तू दुकानात पाहायला मिळत नाही, त्यामुळे हाताळून, ऐकून, मग घेण्याची सोय नव्हती. ज्यांच्या घरी वाचू न शकणारे वडीलधारे माणूस आहे आणि जे अशीच वस्तू मागवण्याच्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी मी हे लिहीत आहे.

माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, ७८ वर्षांच्या आहेत. एका डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे, पण दुसऱ्या डोळ्याचा पडदा मधुमेहाने खराब झाला आणि मोठ्या अक्षरांची प्रतही त्यांना वाचता येईनाशी झाली. त्या चौथीपर्यंत शिकल्या. अक्षरे पक्की झाली ती शाळेत नव्हे, तर लग्नानंतर पवित्र शास्त्र वाचता वाचता, असे त्या सांगतात. सासरे होते तोपर्यंत रोज संध्याकाळी दिवेलागणीनंतर ओसरीवर घरची उपासना होत असे. एक गीत, एक अध्याय आणि प्रार्थना, आणि अध्याय मोठ्याने वाचण्याचे काम बहुधा आत्याबाईंकडेच असे. सासरे गेले, माझे पती आणि मी आपापल्या कामांत अडकलो, मुलांच्या हाती मोबाइल आले, आणि कोणी ठरवले नसताना प्रत्येकजण आपापल्या पडद्यावर आपापला अध्याय वाचू लागला. आत्याबाई तेवढ्या वाचनाबाहेर राहिल्या. ही गोष्ट माझ्या लक्षात यायला दोन वर्षे लागली, याचे मला आजही वाईट वाटते.

घरात या यंत्राला सगळे ‘डबी’ म्हणतात, म्हणून मीही तेच नाव वापरते. डबीच्या पाठीवर सौरपट्टी आहे, समोर एक लहान स्पीकर आहे आणि सहा बटणे आहेत : चालू-बंद करण्याचे एक, आवाज वाढवण्या-कमी करण्याचे एक, पुढचा व मागचा अध्याय लावण्याची दोन, आणि पुढचे व मागचे पुस्तक लावण्याची दोन. बटणे उठावदार असून त्यांचे आकार वेगवेगळे आहेत, आणि या वस्तूतील ही सर्वांत विचारपूर्वक केलेली गोष्ट आहे असे मी म्हणेन. आत्याबाईंनी दुसऱ्या दिवशी अंगठ्याने चाचपून योहानाचे शुभवर्तमान लावले आणि चार दिवसांनी त्यांना कोणाला हाक मारावी लागेना. मोबाइलच्या गुळगुळीत काचेवर बोट कोठे ठेवावे हे त्यांना कधीच उमगले नव्हते. दोष बोटाचा आहे असे त्यांना वाटे. तो काचेचा होता.

विजेचे आणि उन्हाचे गणित मात्र नीट समजून घ्यावे लागते. हिवाळ्यात दिवसभर ऊन मिळाले की आमची डबी साधारण चार तास चालते आणि रोजच्या वापराला ते पुष्कळ आहे. पहिल्या मे महिन्यात मात्र आम्ही चूक केली. जास्त ऊन म्हणजे जास्त चार्जिंग, असे समजून माझ्या मुलाने ती दुपारी गोठ्याच्या टिनावर ठेवली. संध्याकाळी डबी हाताला चटका देत होती आणि बॅटरी जवळपास रिकामीच होती. लिथियम-आयन बॅटरी साधारणपणे ४५ अंश सेल्सिअसपर्यंतच चार्ज करायची असते, त्यापुढे तिचे आयुष्य झपाट्याने घटते, आणि आपल्याकडे मे महिन्यात सावलीतले तापमानच त्या आकड्याला टेकते; टिनावर काय होत असेल ते सांगायला नको. सोबतच्या कागदावर याबद्दल एक ओळही नव्हती. विदर्भात विकायच्या वस्तूबरोबर ती ओळ हवीच होती. तेव्हापासून आम्ही डबी सकाळी सात ते साडेनऊ अंगणातल्या तुळईवर ठेवतो आणि मग आत घेतो. आता आषाढात आभाळ दाटलेले असते तेव्हा सौरपट्टीचा उपयोग जवळजवळ शून्य आहे, आणि मोबाइलच्या साध्या चार्जरवर ती चार्ज करावी लागते. तशी सोय आहे, हे बरे; पण ‘विजेची गरजच नाही’ हे वेष्टनावरचे वाक्य पावसाळ्यात खरे ठरत नाही.

बॅटरी पूर्ण उतरली की आपण कोठे होतो हे डबी विसरते. चालू केल्यावर ती मत्तयाच्या पहिल्या अध्यायापासून, म्हणजे येशूच्या वंशावळीपासून, सुरुवात करते. पहिल्या पावसाळ्यात हे इतक्या वेळा घडले की अब्राहामापासून ख्रिस्तापर्यंतच्या तीन वेळा चौदा पिढ्या आमच्या घरात जवळजवळ सर्वांना पाठ झाल्या. वस्तू म्हणून हा स्पष्ट दोष आहे आणि मी तो दोषच म्हणते. परंतु त्यातून जे झाले तेही सांगितले पाहिजे. वंशावळ हा भाग आम्ही वाचताना नेहमी डोळ्यांखालून सरकवून पुढे जात असू. कानाला तसे सरकवता येत नाही. पाचव्या की सहाव्या वेळी आत्याबाईंनी डबी बंद केली आणि विचारले, “एवढ्या मानसाइच्या नावात ह्या बाया काहून घेतल्या असतीन?” तामार, राहाब, रूथ, उरीयाची बायको आणि मग मरीया. त्या रात्री आम्ही रूथचे पुस्तक छापील प्रतीतून काढून वाचले, कारण डबीत स्तोत्रांखेरीज जुना करार नाही. सासू आणि सून यांची ती गोष्ट मी माझ्या सासूला वाचून दाखवत होते आणि “तुझे लोक ते माझे लोक” या अर्थाच्या वचनापाशी आम्हा दोघींनाही पुढे बोलवेना.

आवाजाविषयी माझे मत संमिश्र आहे. वाचन स्वच्छ आणि सावकाश आहे. मात्र ध्वनिमुद्रण नाट्यरूप आहे : येशूचा आवाज वेगळा, त्याचा शिष्य पेत्र याचा वेगळा, मागे संगीत, वादळाच्या प्रसंगी वाऱ्याचा घोंगाट. माझ्या मुलाला हे आवडते. ज्यांचे कान थकले आहेत त्यांना मात्र संगीतामागून शब्द वेगळे करणे जड जाते, आणि आवाज वाढवला की लहान स्पीकर फाटल्यासारखा वाजतो. स्तोत्रे एकाच आवाजात, संगीताशिवाय आहेत आणि आत्याबाई रात्री झोपण्यापूर्वी तीच लावतात. वृद्धांसाठी घेणार असाल तर एकाच वाचकाचे साधे वाचन मागावे, असे मी आग्रहाने सांगेन. दुसरी अडचण अशी की अध्यायाच्या आत पुढे-मागे जाता येत नाही. एकशे एकोणिसाव्या स्तोत्रात १७६ वचने आहेत. मध्येच कोणी दारात आले आणि डबी बंद केली, तर पुन्हा पहिल्या वचनापासून ऐकावे लागते.

याहून खोल प्रश्न भाषांतराचा आहे, आणि तो विकत घेण्यापूर्वी मला सुचलाही नव्हता. आत्याबाईंना जुन्या प्रतीतील पुष्कळ स्तोत्रे पाठ आहेत. डबीतील भाषांतर नव्या, सोप्या मराठीतील आहे. पहिल्याच संध्याकाळी तेविसावे स्तोत्र लागले, त्या बरोबर म्हणू लागल्या आणि दुसऱ्या ओळीवर अडखळल्या. “थांबव रे बाबू, माह्या पुस्तकात असं नाही,” असे त्या नातवाला म्हणाल्या आणि त्या दिवशी त्यांनी पुढे ऐकले नाही. सोपे भाषांतर कमी प्रतीचे असते असे मला मुळीच म्हणायचे नाही. १८११ मध्ये बंगालमधील सेरामपूरला मिशनरी विल्यम कॅरी यांचा मराठी नवा करार छापला गेला, तेव्हापासून प्रत्येक पिढीने हे शब्द आपल्या बोलण्याजवळ आणण्याचा प्रयत्न केला आहे. आणि पंडिता रमाबाईंनी तर साध्या बायाबापड्यांना समजावे म्हणून हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण पवित्र शास्त्राचे भाषांतर केले. त्याची अखेरची तपासणी होईपर्यंत त्यांचे आयुष्य पुरले, ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या, आणि त्यांनीच उभारलेल्या केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यातून ते १९२४ मध्ये पूर्ण छापून निघाले. सोपेपणाचे मोल मला त्यांच्याकडे पाहून कळते. तरीही पन्नास वर्षे जिभेवर असलेला शब्द हा त्या माणसाच्या श्रद्धेचा भाग झालेला असतो, आणि डोळे गेलेल्या माणसाजवळ तर तेवढाच उरलेला असतो. विक्रेत्याने कोणते भाषांतर आहे हे वेष्टनावर ठळकपणे छापायला हवे. आमच्या डबीवर फक्त ‘मराठी’ असे लिहिले आहे.

हेच सगळे मोबाइलवर फुकट मिळत असताना पैसे का घालवले, असे मला माझ्या भावाने विचारले होते आणि त्याचा प्रश्न रास्त आहे. बोललेला आवाज ६४ केबीपीएस या दर्जाने साठवला तर तासाला सुमारे २९ एमबी लागतात. संपूर्ण नवा करार साधारण वीस तासांचा धरला तरी सहाशे एमबीच्या आत तो मोबाइलमध्ये बसतो, आणि वाशिमला गेले असताना एकदाच उतरवून घेतला की गावात रेंज नसली तरी चालतो. माझी मुलगी नागपूरच्या वसतिगृहात असेच ऐकते. ज्याचे डोळे आणि बोटे धड आहेत त्याने डबी घेऊ नये. मोबाइलच घ्यावा आणि उपासनेच्या वेळी फ्लाइट मोड लावावा.

फ्लाइट मोडचा उल्लेख मी मुद्दाम करते. डबी येण्यापूर्वी आम्ही काही दिवस माझ्या पतींचा मोबाइल ओसरीवर मधोमध ठेवून अध्याय लावत असू. येशूचे डोंगरावरचे प्रवचन चालू असताना बाजार समितीतील सोयाबीनच्या भावाचा संदेश वाजे, त्यांचा हात आपोआप पुढे जाई, आणि एकदा हात गेला की मन परत येत नसे. माझ्या मुलाच्या अ‍ॅपमध्ये सलग किती दिवस वाचन झाले याचा आकडा दिसतो. तो आकडा तुटू नये म्हणून रात्री बारा वाजायला पाच मिनिटे असताना अध्याय उघडून लगेच बंद करताना मी त्याला पाहिले आहे. मी रागावले नाही. दहावीत गेलेले मूल दिवसभर आकड्यांच्याच मागे असते. त्या घाईत त्याने काय वाचले हे मात्र त्याला सांगता आले नाही. डबीत आकडा नाही, संदेश नाही, पडदाच नाही, आणि म्हणून तिच्याकडे कोणी पाहत नाही. आम्ही एकमेकांकडे पाहत ऐकतो. संध्याकाळी साडेसातचा गजर लावल्यासारखी नव्हे, तर लाइन गेली की अंधारात आत्याबाई ती लावतात, आणि मग ज्याच्या हातात जे काम असेल ते घेऊन तो ओसरीवर येऊन बसतो.

खरे तर नव्या करारातील पत्रे अशीच ऐकण्यासाठी लिहिली गेली. कलस्सैकरांस पत्राच्या शेवटी प्रेषित पौल सांगतो की हे पत्र तुमच्यात वाचून झाले की लावदिकीया या शेजारच्या नगरातील मंडळीतही वाचले जावे. आणि प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकाच्या आरंभी वाचून दाखवणाऱ्याला आणि ऐकणाऱ्यांना मिळून धन्य म्हटले आहे. त्यामुळे ऐकणे हे वाचनापेक्षा उणे आहे असे आत्याबाईंना वाटत असे, ते मी त्यांना हळूहळू सोडायला लावले. परंतु प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात रथात बसून यशया संदेष्ट्याचे पुस्तक वाचणारा कूशी (इथिओपियाकडचा) अधिकारी आहे, आणि सुवार्ता सांगणारा फिलिप्प धावत जाऊन त्याला विचारतो की वाचतोस ते तुला समजते का. कोणी वाट दाखवल्याशिवाय कसे समजेल, असे तो उत्तर देतो. आमची डबी वाचून दाखवते, पण रथात चढून शेजारी बसत नाही. पहिल्या महिन्यात आम्ही तिला आत्याबाईंच्या उशाशी देऊन मोकळे झालो होतो, त्या एकट्याच तासन्‌तास ऐकत आणि प्रश्न मनातच ठेवत. ही वस्तू घेणाऱ्या प्रत्येक घराला हा मोह होईल, आणि त्यात दोष डबीचा नसेल.

टिकाऊपणाबद्दल एवढेच सांगते की ती दोनदा ओट्यावरून पडली आणि काही झाले नाही. चार्जिंगची पिन जिथे बसते ती जागा चौदा महिन्यांनी सैल झाली, आणि एका मोबाइल दुरुस्ती करणाऱ्याने ती अर्ध्या तासात नीट करून दिली.

माझी नणंद मंगरूळपीरला असते आणि तिच्या सासऱ्यांसाठी तिला अशीच डबी हवी आहे. दिवाळीनंतर आम्ही दोघी नागपूरला जाऊन घेणार आहोत. या वेळी मागवायची नाही, दुकानात ऐकूनच घ्यायची. आत्याबाईंनी त्यासाठी मला सांगून ठेवले आहे की तेथे उभे राहून तेविसावे स्तोत्र लावायचे, मोबाइलवरून त्यांना ऐकवायचे, आणि त्या हो म्हणाल्या तरच पैसे द्यायचे.