क्लॅट की राज्य सीईटी : तार्किक प्रश्नांची तयारी कोणत्या बाजूने सुरू करावी?

बारावीनंतर पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाकडे वळणारा महाराष्ट्रातील विद्यार्थी बहुधा दोन परीक्षांचा विचार करतो. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट ही देशपातळीवरील सामाईक विधी प्रवेश परीक्षा द्यावी लागते, तर मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय किंवा पुण्याचे आयएलएस यांसारख्या महाविद्यालयांसाठी राज्य सीईटी कक्षाची, म्हणजे राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा (सीईटी). दोन्हींत 120 प्रश्न आणि 120 मिनिटे असल्यामुळे तार्किक क्षमतेचा अभ्यासही एकच, अशी समजूत सहज होते आणि तिथेच तयारीची दिशा चुकते.

क्लॅटमध्ये या विभागाचे 22 ते 26 प्रश्न असतात आणि 2020 पासून ते उताऱ्यांवर बेतलेले आहेत. उतारा सुमारे 450 शब्दांचा असतो. त्यावर सहा प्रश्न असतील, तर मिनिटाला एक प्रश्न या हिशेबाने त्याच्या वाट्याला सहा मिनिटे येतात. तो वाचण्यातच तीन मिनिटे गेली, तर सहा प्रश्नांसाठी सरासरी अर्धा-अर्धा मिनिट उरतो. विचारले जाते ते मुख्यतः असे : लेखकाचा निष्कर्ष कोणता, त्यामागचे न सांगितलेले गृहीतक कोणते, कोणत्या विधानाने युक्तिवाद दुबळा होतो. समजा, हेल्मेटसक्तीनंतर एका शहरात डोक्याला मार लागलेल्या रुग्णांची संख्या घटली, म्हणून सक्ती यशस्वी झाली, असे लेखक म्हणतो. ‘हेल्मेटमुळे मान अवघडते’ हा पर्याय अनुभवाला पटला, तरी युक्तिवादाला त्याने धक्का लागत नाही. ‘त्याच महिन्यांत शहराचा मुख्य रस्ता दुचाकींसाठी बंद होता’ या पर्यायाने मात्र लागतो, कारण घट होण्याचे दुसरेच कारण त्यातून पुढे येते. चांगले वाचन असलेली मुलेदेखील येथे चुकतात, कारण ती स्वतःचे मत उत्तरात मिसळतात. म्हणून सोडवलेल्या प्रत्येक उताऱ्यानंतर बरोबर उत्तर का बरोबर एवढेच न पाहता उरलेले तीन पर्याय का बाद झाले, हे एकेका वाक्यात लिहून काढावे. हे काम कंटाळवाणे आहे, पण याच्याइतका उपयोगी सराव मला दुसरा माहीत नाही.

सीईटीचे स्वरूप वेगळे आहे. तेथे या विभागाला 32 प्रश्न आहेत आणि भर नातेसंबंध, दिशा, सांकेतिक भाषा, मालिका, बैठक व्यवस्था, विधान आणि निष्कर्ष अशा सुट्या, आटोपशीर प्रश्नांवर असतो. आकृती काढण्याची पद्धत एकदा बसली की पुढे प्रश्न वेगाचाच उरतो, आणि वेग रोज घड्याळ लावून सराव केल्याने वाढतो.

गुणांकनातील फरकही तयारीत उतरायला हवा. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडणे म्हणजे गुण सोडणे होय. क्लॅटमध्ये बरोबर उत्तराला एक गुण मिळतो आणि चुकीला 0.25 गुण वजा होतो. तरीही चारपैकी दोन पर्याय खात्रीने बाद झाले असतील, तर उरलेल्या दोहोंतून निवड केल्यास सरासरीने 0.375 गुण पदरात पडतो. भीतीपोटी असे प्रश्न सोडून देणे चुकीचे आहे.

माध्यमाचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सीईटी मराठीतूनही देता येते, क्लॅट नाही. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला क्लॅटच्या उताऱ्यात अडते ते बहुतेकदा इंग्रजी वाक्य, तर्क नव्हे. त्याच्या हाती वर्षभराचा अवधी असेल, तर रोज एक इंग्रजी अग्रलेख वाचून त्याचा निष्कर्ष आणि कारणे मराठीत मांडण्यापासून आरंभ करावा. अवधी तीन-चार महिन्यांचाच असेल, तर त्याने सीईटीवर लक्ष केंद्रित करावे, असे मी स्पष्टपणे सुचवेन.

दोन्ही परीक्षा देणाऱ्याने मात्र युक्तिवादाच्या वाचनापासून सुरुवात करावी. ती सवय सीईटीतील विधान-निष्कर्षांच्या प्रश्नांत कामी येते. बैठक व्यवस्थेतील वेगाचा क्लॅटच्या उताऱ्यांत फारसा उपयोग होत नाही. वेळापत्रकही याला अनुकूल आहे : अलीकडे क्लॅट डिसेंबरच्या पहिल्या रविवारी झाली आहे आणि सीईटी एप्रिल-मेमध्ये. क्लॅट होईपर्यंत सीईटीतील कोड्यांना आठवड्यातून दोन दिवस पुरतात आणि बारावीचा शेवटचा पेपर झाल्यावर ती रोजची करता येतात.