ईबर्ड : माळढोकाची शेवटची नोंद ठरवायला कितपत उपयोगी?

सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर माळढोक अजून आहे की संपला, हे 'मध्यंतरी कुणालातरी दिसला होता' एवढ्यावर ठरत नाही. दिसला त्या तारखा लागतात, आणि शोधूनही दिसला नाही त्याही. या दुसऱ्या प्रकारच्या नोंदींसाठी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या ऑनलाइन साठ्याइतकं चांगलं साधन नाही. जुन्या तारखांच्या बाबतीत मात्र ते तोकडं पडतं.

ॲप फुकट आहे. एका फेरीत दिसलेल्या पक्ष्यांची यादी पाठवताना ते विचारतं, ओळखता आलेले सगळे पक्षी नोंदवलेत का? 'हो' म्हटलं की यादी पूर्ण धरली जाते आणि तीत माळढोक नसणं हीच एक नोंद होते. चार आवडते पक्षी टाकून 'हो' दाबलं की ही सगळी किंमत जाते. हंगामही पाहावा. पावसाळ्यात विणीच्या काळात नर उघड्या माळावर येऊन गळ्याची पिशवी फुगवतो, तेव्हा तो लांबूनही दिसतो. जानेवारीतल्या माळढोक नसलेल्या पन्नास याद्या ऑगस्टमधल्या पाच याद्यांची जागा घेऊ शकत नाहीत.

ईबर्डवरून माहिती उतरवून (डाउनलोड करून) घ्यायला अर्ज करावा लागतो. मंजुरीनंतर पक्षी, प्रदेश, कालावधी निवडताना याद्यांची स्वतंत्र फाइलही मागावी, नाहीतर 'नाही'च्या नोंदी मिळतच नाहीत. पुढची गाळणी 'आर' या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेतल्या 'ऑक' या पॅकेजने होते. विंडोजवर त्यासाठी आधी सिगविन हे आणखी एक सॉफ्टवेअर टाकावं लागतं, बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं. चौघांनी एकच यादी आपसांत वाटून घेतली असेल तर ती चारदा येते. ऑक ती गट-क्रमांकावरून एक करतं. पण चौघांनी वेगवेगळ्या याद्या पाठवल्या असतील, तर एकाच पक्ष्याच्या चार नोंदी तारीख, वेळ, जागा पाहून हातानेच काढाव्या लागतात.

आता मुख्य हिशोब. नोंदींवरून जात संपली का हे जोखणारं संख्याशास्त्रज्ञ सोलो यांचं 1993चं सूत्र सोपं आहे: निरीक्षण सुरू झाल्यापासून शेवटच्या नोंदीपर्यंतची वर्षं भागिले आजपर्यंतची वर्षं, आणि त्याचा नोंदींच्या संख्येइतका घात. समजा, 1990पासून पाहणी आहे, त्यातल्या दहा वेगवेगळ्या वर्षी पक्षी दिसला, शेवटचा 2016मध्ये. 2025ला उत्तर येतं (26/35)चा दहावा घात, सुमारे 0.05. म्हणजे पक्षी टिकून असता तर इतकी शांतता फक्त पाच टक्के वेळा पडली असती. दहाऐवजी पाचच नोंदी असत्या तर हाच आकडा 0.23, म्हणजे काहीच ठरत नाही. आणि मूळ दहा नोंदींत 2022ची एक संशयित नोंद घेतली की तो 0.37वर जातो. माळावर लांबून लांडोरही चकवते, म्हणून फोटो नसलेली शेवटची नोंद सगळ्यांत कडक तपासावी. ईबर्डचे परीक्षक विचित्र नोंदींवर प्रश्न विचारतात, पण अप्रमाणित नोंदी उतरवण्याचाही पर्याय असतो. तो बंद ठेवावा.

खोटी नोंद काय करते याचा दाखला महाराष्ट्रातलाच आहे. रानपिंगळा या छोट्या घुबडाचा 1914चा नमुना चोरीचा निघाला, लेबल बनावट. खरी शेवटची नोंद 1884ची होती, म्हणजे खोटीने ती तीस वर्षं पुढे ढकलली होती. 1997ला हा पक्षी शहाद्याजवळ जिवंत सापडला. सूत्र शंभर वर्षांच्या शांततेला मोजतं; योग्य जागी कुणी शोधलंच नव्हतं, हे त्याला कळत नाही.

याच सूत्राचं आणखी एक दुखणं: पक्षी दिसण्याचा दर शेवटपर्यंत सारखा होता, असं ते धरून चालतं. माळढोकाची संख्या हळूहळू घटत गेली, तिथे हे गृहीतक ढासळतं आणि पक्षी लवकर संपल्याचा भास होतो. अशा वेळी शेवटच्या मोजक्या नोंदींवर चालणारी पद्धत घ्यावी. रॉबर्ट्स आणि सोलो यांनी 2003मध्ये तिच्यावरून डोडोचा अंत 1690च्या सुमारास धरला. त्याची शेवटची नोंद 1662ची. अंदाजाची वरची मर्यादा 1797पर्यंत जाते, हेही सांगायला हवं. शिवाय माळढोक नान्नजला संपला म्हणजे जात संपली नाही. राजस्थानात तो आहे.

ईबर्ड 2002चं आणि नान्नजचं अभयारण्य 1979चं, त्यामुळे सुरुवातीची वर्षं वह्यांमध्येच पडून आहेत. ती 'ऐतिहासिक' प्रकारात टाकता येतात. वेळ आणि अंतर माहीत नसेल तर अंदाजाने भरू नका, आणि 'नान्नज' एवढंच लिहिलं असेल तर माळावरचा नेमका ठिपका लावू नका.