फोनचा बॅकअप गूगलवर ठेवायचा की स्वतःजवळ?

सोलापुरात नवी पेठेत नवा फोन घेतला की दुकानातला मुलगा सिम घालून देतो, काच लावून देतो आणि जीमेल विचारतो. आठवत नसेल तर तिथल्या तिथे नवा काढून देतो. पासवर्ड कुणी लिहून घेत नाही. दोन-तीन फोन बदलेपर्यंत एकाच माणसाची तीन खाती झालेली असतात: फोटो एकावर, व्हॉट्सअ‍ॅप दुसऱ्यावर आणि अर्धे नंबर सिममध्ये. मग फोन पाण्यात पडतो किंवा गड्डा यात्रेच्या गर्दीत जातो. बॅकअप चालू होता एवढं सांगता येतं, पण कुठे होता ते सांगता येत नाही.

म्हणून कोणता बॅकअप चांगला, या प्रश्नाआधी तुमचा बॅकअप आज नेमका कुठे आहे ते शोधा. सेटिंग्ज उघडून शोधायच्या चौकटीत 'बॅकअप' लिहा. प्रत्येक कंपनीच्या फोनमध्ये रस्ता वेगळा असतो, पण असं शोधलं की सापडतो. गूगल बॅकअपच्या पानावर खात्याचा पत्ता आणि शेवटचा बॅकअप कधी झाला ते दिसतं. व्हॉट्सअ‍ॅपचं खातं वेगळं असू शकतं. ते त्याच्याच सेटिंग्जमध्ये चॅट्स, मग चॅट बॅकअप इथे बघा. गूगल फोटोजमध्ये वरच्या कोपऱ्यातल्या आपल्या गोल चित्रावर बोट ठेवलं की खातं कळतं. शेवटी गूगल ड्राइव्ह उघडा, तीन आडव्या रेघांवर टिचकी मारा आणि 'बॅकअप्स' बघा. जुन्या फोनचे बॅकअप शिल्लक असतील तर ते इथे त्या फोनच्या नावाने दिसतात. एकापेक्षा जास्त खाती असतील तर खातं बदलून प्रत्येकात डोकवा. जीमेलचा पत्ताच विसरला असाल तर गूगलच्या खाते परत मिळवण्याच्या पानावर मोबाइल नंबर आणि नाव टाकून शोधता येतो; मात्र तो नंबर त्या खात्याला जोडलेला हवा.

इतकं झालं की एकच खातं पक्कं करा आणि त्याचा पासवर्ड वहीत लिहून ती वही घरातल्या कपाटात ठेवा. पुढचा सगळा निर्णय या खात्यावर उभा राहणार आहे.

गूगलचा बॅकअप

गूगलचा बॅकअप आपोआप होतो, हे त्याचं सर्वांत मोठं बळ. रात्री फोन चार्जिंगला आणि वायफायवर असला की तो आपलं काम करून घेतो. अ‍ॅपची यादी, काही अ‍ॅपमधली माहिती, एसएमएस, कॉलची नोंद आणि फोनची सेटिंग्ज त्यात जातात. फोन फुटला, चोरीला गेला, स्क्रीन काळी पडली तरी तो शाबूत असतो. पेनड्राइव्हवर आधीच उतरवून ठेवलं नसेल, तर मग उतरवता येत नाही. स्क्रीन गेल्यावर लॉक उघडता येत नाही आणि लॉक न उघडता कॉम्प्युटरला फोनमधल्या फायली दिसत नाहीत. स्वतःजवळच्या बॅकअपची आठवण नेमकी अशाच वेळी होते, आणि तोवर उशीर झालेला असतो.

पण त्याच्या मर्यादाही ओळखून घ्या. हा बॅकअप उघडून आत काय आहे ते वाचता येत नाही. तो परत मिळतो तो नवा किंवा पूर्ण रिसेट केलेला फोन पहिल्यांदा चालू करताना. त्या वेळी जुन्या फोनचा पिन, पॅटर्न किंवा पासवर्ड मागितला जातो. नातवाने पॅटर्न लावून दिलेला असेल तर आधी नातवाला विचारून ठेवा. नव्या अँड्रॉइडवर घेतलेला बॅकअप त्याहून जुन्या अँड्रॉइडच्या फोनवर उतरत नाही. आपल्याकडे तात्पुरता म्हणून सेकंडहँड फोन घेणारे पुष्कळ. त्यांनी पैसे मोजण्याआधी हे बघायला हवं. शिवाय बॅकअप बंद केला किंवा फोन ५७ दिवस न वापरता पडून राहिला, तर गूगल तो साठा पुसून टाकू शकतं.

जागेचा हिशेब वेगळा. फुकट मिळणारी १५ जीबी जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज यांच्यात मिळून आहे. १ जून २०२१ पासून कमी दर्जाचे फोटोही त्यात मोजले जातात आणि २०२४ पासून व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही त्यातच येऊ लागला. जागा भरली की बॅकअप थांबतो, आणि त्याहून वाईट म्हणजे जीमेलवर मेल येणं बंद होतं. जीएसटीच्या आणि बँकेच्या कामाला तोच मेल दिलेला असेल तर लग्नाच्या व्हिडिओंमुळे धंद्याचं काम अडू शकतं. १०० जीबीच्या योजनेला भारतात महिन्याला साधारण १३० रुपये पडतात आणि ती जागा घरातल्या आणखी पाच जणांना वाटून देता येते. मुलगा पुण्यात नोकरीला आणि आई-वडील इथे, अशा घरांत त्याने एक योजना घेऊन सगळ्यांना जोडून घ्यावं.

फोटो

गूगल फोटोजमध्ये एक गोष्ट समजून घेतल्याशिवाय काहीच पुसू नका. बॅकअप झालेला फोटो तुम्ही त्या अ‍ॅपमधून पुसला तर तो फोनमधून जातो आणि गूगलवरूनही जातो. फोनची जागा रिकामी करायची असेल तर त्यासाठी 'फ्री अप स्पेस' हा वेगळा पर्याय आहे. तो गूगलवर पोचलेल्या फोटोंची फक्त फोनमधली प्रत काढतो. चुकून पुसलेले, पण बॅकअप झालेले फोटो ६० दिवस कचरापेटीत राहतात. बॅकअप न झालेले ३० दिवस. या बाबतीत पेनड्राइव्ह सरळ आहे. त्यावर उतरवलेला फोटो फोनमधून काढला म्हणून पेनड्राइव्हवरून जात नाही.

दुसरी गोष्ट आपल्या शहराला जास्त लागू आहे. गूगल फोटोज सुरुवातीला फक्त कॅमेऱ्याने काढलेले फोटो वर चढवतं. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले फोटो तुम्ही सांगितल्याशिवाय चढत नाहीत. टॉवेलच्या बॉर्डरचं डिझाइन, चादरीच्या रंगाचा नमुना, मुंबईच्या व्यापाऱ्याने पाठवलेलं ऑर्डरचं पान, बाजार समितीतली कांद्याची पट्टी, हे सगळं कामाचं चित्र व्हॉट्सअ‍ॅपवरून येतं. फोटोजच्या सेटिंग्जमध्ये बॅकअपखाली फोनमधल्या फोल्डरांची यादी असते. तिथे व्हॉट्सअ‍ॅप इमेजेस चालू केलं तरच हे फोटो चढतात. सगळ्यांनी ते चालू करावं असं मात्र मी म्हणणार नाही. रोजच्या सुप्रभातच्या चित्रांनी १५ जीबी भरायला वेळ लागत नाही.

व्हॉट्सअ‍ॅप

अशोक चौकाकडच्या किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या छोट्या कारखानदाराला विचारा, हिशेब कुठे आहे. तो वही दाखवेल, आणि भाव काय ठरला, माल कधी पोचला, किती मीटर परत आला हे व्हॉट्सअ‍ॅपवर दाखवेल. ही बोलणी गेली तर पैशाचा पुरावा जातो. म्हणून इथे थोडं थांबून निवडा.

व्हॉट्सअ‍ॅपचे दोन बॅकअप असतात आणि पुष्कळांना एकच माहीत असतो. पहिला गूगल खात्यावर जातो. रोज, आठवड्याला की महिन्याला ते तुम्ही ठरवता. धंदा असेल तर रोजचा ठेवा आणि व्हिडिओ वगळा, जागा बरीच वाचते. दुसरा फोनमध्येच रोज पहाटे दोनच्या सुमारास बनतो आणि अलीकडच्या सात दिवसांचे शिल्लक राहतात. तो सापडतो फाइल मॅनेजरमध्ये: अँड्रॉइड, मीडिया, कॉम डॉट व्हॉट्सअ‍ॅप, व्हॉट्सअ‍ॅप, डेटाबेसेस. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस वापरत असाल तर त्याचं फोल्डर वेगळं असतं.

गूगलवरचा बॅकअप परत आणायला तोच मोबाइल नंबर आणि तेच गूगल खातं लागतं. नवी पेठेतल्या त्या नव्या जीमेलने इथेच घात होतो: नव्या खात्यावर व्हॉट्सअ‍ॅप जुना बॅकअप शोधतं आणि 'सापडला नाही' म्हणतं, जरी तो जुन्या खात्यावर सुखरूप असला तरी. फोनमधल्या बॅकअपला गूगल खातं लागत नाही, पण फोन हरवला की तोही गेला. त्याची फाइल कॉम्प्युटरवर उघडून वाचताही येत नाही. ते सगळं फोल्डर पेनड्राइव्हवर घ्यायचं, नव्या फोनमध्ये त्याच जागी ठेवायचं आणि मगच व्हॉट्सअ‍ॅप सुरू करायचं, तर बोलणी परत येतात.

जुना फोन चालू स्थितीत हाताशी असेल तर या दोन्हींपेक्षा सोपा मार्ग आहे. सेटिंग्ज, चॅट्स, ट्रान्सफर चॅट्स. दोन्ही फोन शेजारी ठेवा, क्यूआर कोड स्कॅन करा. सगळं थेट एका फोनमधून दुसऱ्यात जातं आणि गूगलची जागा लागत नाही. नंबर मात्र तोच असावा लागतो.

बॅकअपला स्वतःचा पासवर्ड लावायची सोयही आहे. तो लावला की गूगलला किंवा व्हॉट्सअ‍ॅपला आतलं वाचता येत नाही. पण पासवर्ड विसरलात तर तेही तो उघडून देऊ शकत नाहीत. भावताव आणि उधारीची बोलणी असतील तर लावावा, आणि कपाटातल्या त्याच वहीत लिहावा.

फोन कंपनीचं अ‍ॅप

सॅमसंगचं स्मार्ट स्विच, विवोचं ईझीशेअर, शाओमीचा फोनमधलाच बॅकअप: एका फोनवरून दुसऱ्यावर जाण्याच्या दिवशी ही अ‍ॅप उत्तम. त्याच कंपनीचा फोन घेतला तर ती गूगलपेक्षा जास्त गोष्टी नेतात. त्यांच्यावर कायमचा भरवसा ठेवू नका. पुढचा फोन दुसऱ्या कंपनीचा निघाला तर तो बॅकअप उघडेलच असं नाही, आणि कंपन्या आपली क्लाउड सेवा, म्हणजे इंटरनेटवरची साठवण, बंदही करतात; शाओमीने २०२३ मध्ये गॅलरीतले फोटो आपोआप वर चढवणारी सिंक सेवा गुंडाळली.

पेनड्राइव्ह आणि कॉम्प्युटर

इथे खर्च एकदाच, महिन्याचं भाडं नाही, जागेची चणचण नाही आणि पासवर्ड विसरण्याची भीती नाही. जे पुन्हा कधीच मिळणार नाही ते इथे हवंच: गेलेल्या माणसांचे फोटो, आजीच्या आवाजाची रेकॉर्डिंग, घराच्या आणि शेताच्या कागदांचे स्कॅन. आवाजाच्या रेकॉर्डिंग आणि डाउनलोड्समधले कागद हा साठा बहुतेक फोनवर गूगलच्या बॅकअपमध्ये आपोआप जात नाही, हे कुणी सांगत नाही.

अडचण एकच आणि मोठी: हे काम आपल्याला करावं लागतं आणि आपण करत नाही. महिन्याचा एक दिवस ठरवला तरच जमतं. कारखान्याच्या सुट्टीचा दिवस घ्या. सी टाइपचा पेनड्राइव्ह थेट फोनला लागतो. माग चालतात तिथे चार्जिंगच्या खाचेत सुताची धूळ बसते आणि पेनड्राइव्ह ओळखला जात नाही. आधी फोन बंद करून लाकडी दातकोरण्याने खाच हलकेच साफ करा. मोठा व्हिडिओ कॉपी होत नसेल तर पेनड्राइव्ह फॅट३२ प्रकारात असेल, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. कॉम्प्युटरवर तो एक्सफॅट प्रकारात फॉरमॅट करून घ्या, आधी आतलं काढून ठेवून. आणि मे महिन्यात पारा ४३-४४ वर असताना तो गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा पत्र्याच्या शेडमध्ये टाकू नका.

एकाच पेनड्राइव्हवर सगळं ठेवणंही धोक्याचं. पेनड्राइव्ह न सांगता मरतो. एक प्रत अशोक चौकातल्या गाळ्यात आणि दुसरी जुळे सोलापुरातल्या घरी ठेवली, तर एका ठिकाणच्या आगीत किंवा चोरीत दोन्ही जात नाहीत.

मग कुणी काय निवडावं

कॉलेजच्या मुलाला गूगल पुरे. त्याची बहुतेक माहिती तशीही अ‍ॅपच्या खात्यांमध्ये असते. नंबर सिममध्ये साठवू नयेत, एवढं त्याने बघावं. सिममध्ये फार थोडे बसतात.

घरातल्या मोठ्या माणसांसाठी मी गूगलचा पैसे भरलेला साठा आणि वर्षातून एकदा पेनड्राइव्ह असं सांगेन. दर महिन्याला पेनड्राइव्ह लावायला त्यांना सांगणं व्यवहारात टिकत नाही. दिवाळीला मुलं घरी आली की त्यांनी ते काम करावं.

कारखानदाराने आणि व्यापाऱ्याने फक्त गूगलवर राहू नये आणि फक्त पेनड्राइव्हवरही राहू नये. व्हॉट्सअ‍ॅपचा रोजचा बॅकअप गूगलवर, डिझाइनचे फोल्डर दर महिन्याला कॉम्प्युटरवर, आणि महत्त्वाच्या व्यापाऱ्यांची बोलणी 'एक्सपोर्ट चॅट' करून मेलवर. एक्सपोर्ट केलेली फाइल साध्या अक्षरांत असते, कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येते आणि वाद निघाला तर वकिलाला देता येते. व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप कितीही नीट असला तरी ही सोय त्यात नाही.

यूपीआय आणि बँकेची अ‍ॅप कुठल्याच बॅकअपमधून चालू होऊन येत नाहीत. नव्या फोनवर ती सिमसह पुन्हा नोंदवावी लागतात. त्यामुळे नवा फोन आला त्याच दिवशी जुना विकू नका. दुसऱ्याच कुणाच्या कॉम्प्युटरवर तुमच्या खात्याने लॉगिन करा, फोटो आणि नंबर तिथे दिसतात का पाहा, व्हॉट्सअ‍ॅपमधली वर्षभरापूर्वीची एखादी ऑर्डर नव्या फोनवर उघडून बघा, काम झालं की त्या कॉम्प्युटरवरून लॉगआउट करा, आणि मगच जुन्या फोनवरून गूगल खातं काढून फॅक्टरी रिसेट मारा.